एप्रिल ते जून : उकाड्यातील डोंगरधाव आणि ओरिएंटिअरिंगचा सराव

सह्यधार, पुणे

डिसेंबरमधील सिंहगड–राजगड–तोरणा अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब पल्ल्याची धाव) किंवा पावसाळ्याच्या उत्तरार्धात होणारी साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन यांपैकी एखादे उद्दिष्ट मनात असणाऱ्या धावकाला एप्रिल, मे आणि जूनचा पूर्वार्ध हे अडीच महिने सोडून देणे परवडत नाही, आणि जानेवारीतील वेग तसाच रेटत नेणे तर मुळीच परवडत नाही. या काळाचा उपयोग कसा करावा याविषयी येथे सविस्तर चर्चा व्हावी असे वाटते. माझे मत सुरुवातीलाच मांडतो. उन्हाळ्यात पायांचा वेग मुद्दाम कमी करावा आणि त्यामुळे मोकळे झालेले लक्ष नकाशावाचनाकडे आणि ओरिएंटिअरिंगकडे, म्हणजे नकाशा व होकायंत्र घेऊन ठरलेली ठिकाणे शोधत धावण्याच्या खेळाकडे, वळवावे. सह्याद्रीची रचना समजून घेण्यासाठी उन्हाळ्याइतका सोयीचा ऋतू दुसरा नाही.

आधी शरीराचा हिशेब पाहू. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पाव भाग हालचालीत उतरतो आणि उरलेली सारी उष्णता होऊन शरीरात साठू लागते. साठ किलो वजनाचा धावक सपाटीवर ताशी दहा किलोमीटर वेगाने धावला, तर तासाला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे साडेचारशेच्या आसपास किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकावी लागते. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते, त्यामुळे कागदावर हा हिशेब सहज जुळतो. मात्र त्यासाठी घाम त्वचेवरच वाळावा लागतो. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर तो वाळत नाही, हनुवटीवरून आणि कोपरांवरून ठिबकत राहतो. ठिबकलेला घाम शरीरातील पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र जागच्या जागी राहते.

म्हणूनच पुण्याच्या आणि मुंबई-ठाण्याच्या उन्हाळ्याला एकच सल्ला लागू पडत नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर वेट बल्ब तापमान, म्हणजे ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकावर दिसणारे तापमान, वीस अंशांच्याही किंचित खाली असते. मुंबईत ३३ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर ते साडेसव्वीसच्या जवळ जाते. घाम वाळण्याच्या दृष्टीने मुंबईची ती दुपार पुण्याच्या दुपारपेक्षा कठीण ठरते. पुण्याचा धोका निराळा आहे. तेथे घाम लगेच वाळतो, कपडे कोरडे राहतात, त्यामुळे किती पाणी गेले हे लक्षातच येत नाही. शिवाय वेताळ टेकडीसारख्या उघड्या माथ्यावर वरून ऊन आणि खालून तापलेला खडक अशी दुहेरी झळ सोसावी लागते.

शरीर उकाड्याला सरावते, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. दहा ते चौदा दिवस रोज तास-दीड तास उष्ण हवेत हलका व्यायाम केला की पहिल्या आठवड्यातच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. त्यानंतर घाम लवकर सुरू होतो, अधिक येतो आणि त्यातील मिठाचे प्रमाण घटते. हा सराव टिकाऊ नसतो. दोन-तीन आठवडे वातानुकूलित खोलीतच गेले तर त्यातील बराचसा भाग ओसरतो, म्हणून आठवड्यातून एकदाच रविवारी चार तास तापण्यापेक्षा रोज थोडे तापणे अधिक फलदायी आहे. या दिवसांत घड्याळावरील वेगाकडे पाहू नये. चढ चालत चढावा, श्वास सांभाळून पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने धावावे आणि ठोके वाढू लागले की सावलीत उभे राहावे.

आता नकाशाविषयी. पावसाळ्यात सह्याद्रीचा उतार गवत आणि कारवीखाली झाकला जातो, चार हातांपलीकडचे दिसत नाही आणि धुक्यात सोंड (उतरती डोंगरधार) कोणती व घळ (दोन धारांमधील खोल खाच) कोणती हेही कळत नाही. एप्रिलमध्ये पानगळ झालेली असते, कारवीच्या नुसत्या काठ्या उरतात, गवत वाळून आडवे झालेले असते आणि डोंगराची हाडे दिसू लागतात. समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या नकाशावरील रेघा, कोठे एकमेकींजवळ येतात, खिंड कोठे पडते, सोंड कोठे फुटते, हे सारे हातातील कागद आणि समोरचा उतार यांत आलटून पालटून तपासता येते. नकाशावरची निळी रेघ या दिवसांत कोरडा, धोंड्यांनी भरलेला ओढा असतो आणि दिशा राखण्यासाठी त्याच्याइतका विश्वासू आधार दुसरा नाही. ओरिएंटिअरिंगच्या नकाशात पांढरा रंग धावता येण्याजोग्या रानासाठी आणि हिरव्याच्या चढत्या छटा दाट झाडीसाठी वापरतात. आपल्याकडे एकच उतार मे महिन्यात पांढरा आणि ऑगस्टमध्ये गडद हिरवा दाखवावा लागेल, आणि हा फरक ज्याने दोन्ही ऋतूंत पाहिला आहे त्याला स्पर्धेच्या दिवशी मार्गाची निवड करताना मोठी मदत होते.

उन्हाळ्याची अडचणही वाटांशी निगडित आहे. गवत गेल्यामुळे प्रत्येक ढोरवाट मळलेल्या पायवाटेसारखी दिसते. वाटेच्या ठळकपणावर विसंबणारा धावक अशा ठिकाणी चुकतो आणि तीस-चाळीस मीटर उतरून कड्याच्या टोकावर येऊन थांबतो. वाट दिसते म्हणून तिच्यावर जाऊ नये; ती नकाशावरील कोणत्या रूपाला धरून चालली आहे हे आधी ठरवावे.

या दोन विषयांना जोडणारी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उष्णतेचा परिणाम पायांवर दिसण्याआधी पुष्कळदा डोक्यावर दिसतो. आपण कोठे आहोत हे दाखवणारा अंगठा नकाशावर योग्य जागी ठेवायचा राहून जातो, तीच समोच्चरेषा पुन्हा पुन्हा मोजावी लागते, होकायंत्र पाहूनही लगेच दिशा विसरते, सोबत्याच्या प्रश्नाला तुटक उत्तर दिले जाते. नेहमी बिनचूक नकाशा वाचणारा माणूस सोप्या जागी लागोपाठ दोनदा अडखळला, तर ते कौशल्याचे अपयश समजू नये. तो उष्णतेचा इशारा समजून सावली शोधावी, पाणी अंगावर ओतावे आणि त्या दिवसाचा सराव तेथेच आवरता घ्यावा.

ठाणेकर

लेख उपयुक्त आहे, परंतु एक शंका आहे. आमच्याकडे येऊरच्या पायथ्याशी पहाटे साडेपाचला मोबाइलवर आर्द्रता ८५ टक्के दिसते आणि दुपारी चारला तीच ६० टक्के दिसते. घाम वाळणे हाच मुद्दा असेल तर संध्याकाळी धावणे अधिक चांगले, असा निष्कर्ष काढावा काय? आमच्या गटातील अनेक जण याच आकड्यांवरून पहाटेचा सराव सोडून संध्याकाळकडे वळले आहेत.

सह्यधार, पुणे

ठाणेकर, आपली शंका अत्यंत योग्य आहे आणि किनाऱ्यावरील बहुतेक धावकांची गल्लत येथेच होते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाची हवा जितके बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे, एवढेच. पहाटे हवा थंड असते, तिची धारणक्षमता कमी असते, म्हणून तेवढ्याच बाष्पाला टक्का मोठा दिसतो. २७ अंशांना ८५ टक्के आणि ३३ अंशांना ६० टक्के या दोन्ही स्थितींत दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, २४ अंशांच्या आसपासच येतो, याचा अर्थ हवेतील प्रत्यक्ष बाष्प जवळपास सारखेच असते. वेट बल्ब तापमान मात्र पहाटे सुमारे २५ आणि दुपारी साडेसव्वीस असते, आणि दुपारी त्यात उन्हाची भर पडते ती वेगळीच. पहाटच अनुकूल आहे. मोबाइलवर टक्केवारीऐवजी दवबिंदू पाहण्याची सवय लावावी. तो २४ च्या वर असेल तर त्या दिवशी वेगाचा सराव ठेवू नये, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

ऊन, वारा आणि बाष्प यांचा एकत्रित विचार करणारे डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर) हे मोजमाप १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण केंद्रांत उष्माघाताचे बळी पडू लागल्यावर तयार झाले. त्यात वेट बल्ब तापमानाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला केवळ १० टक्के वजन दिलेले आहे. बातम्यांत सांगितला जाणारा कमाल तापमानाचा आकडा धावकाच्या दृष्टीने किती अपुरा असतो, हे या प्रमाणांवरून ध्यानात येईल.

संध्याकाळी जमीन, कडे आणि डांबर दिवसभराची उष्णता बाहेर टाकत असतात. शिवाय मे महिन्यात घाटमाथ्यावर दुपारनंतर वळवाचे ढग जमतात आणि विजा पडतात. उघड्या पठारावर धावणाऱ्याने हे कारणही विचारात घ्यावे.

घाटवैद्य

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि गेली अनेक वर्षे डोंगरात धावतो. सह्यधार यांनी नकाशावरील चुकांविषयी जे लिहिले आहे त्याला वैद्यकीय आधार आहे. श्रमजन्य उष्माघाताची ओळख दोन गोष्टींवरून होते. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि त्यासोबत भान बिघडते. असंबद्ध बोलणे, चिडचिड, तोल जाणे, कोठे आहोत हे न समजणे ही लक्षणे दिसली की थकवा समजून वेळ घालवू नये. 'घाम थांबला आणि त्वचा कोरडी पडली म्हणजेच उष्माघात' ही समजूत धावकांच्या बाबतीत घातक आहे, कारण श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असतानाही रुग्ण गंभीर असू शकतो.

अशा वेळी क्रम पक्का लक्षात ठेवावा : आधी थंड करणे, मग हलवणे. मोठ्या टपात किंवा टाक्यात बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवणे हा सर्वोत्तम उपाय आहे आणि पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आले तर रुग्ण वाचण्याची शक्यता खूप वाढते. डोंगरात टप मिळणार नाही, म्हणून सावलीत झोपवून कपडे सैल करावेत, उपलब्ध असलेले सर्व पाणी अंगावर ओतावे, सतत वारा घालावा, ओल्या कापडांनी मान, काखा आणि जांघा झाकून ती कापडे वारंवार बदलावीत, आणि हे चालू असतानाच एकाने १०८ ला फोन करावा. भान नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलचा येथे काहीही उपयोग होत नाही, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे. गुडघे दुखू नयेत म्हणून धावण्याआधी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेण्याची प्रथा काही गटांत दिसते. पाणी कमी झालेल्या शरीरात ही औषधे मूत्रपिंडाला इजा करू शकतात, म्हणून ती उन्हाळ्यात तरी पूर्णपणे टाळावीत.

एप्रिल २०२३ मध्ये खारघर येथे खुल्या मैदानावरील कार्यक्रमात दहाहून अधिक लोकांचा उष्माघाताने मृत्यू झाला. तापमान चाळिशीच्या खाली होते आणि लोक धावत नव्हते, नुसते उन्हात बसलेले होते. भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, पण किनारपट्टीसाठी तोच उंबरठा ३७ अंशांचा आहे, त्यामागे हेच कारण आहे. कोकणात, ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्यांनी विदर्भातील आकड्यांशी तुलना करून स्वतःला सुरक्षित समजू नये.

पाण्याबाबतही एक सावधगिरी सांगतो. 'जितके जास्त तितके चांगले' हा नियम चुकीचा आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील धावकांच्या रक्ताची तपासणी केली तेव्हा तपासलेल्यांपैकी १३ टक्के धावकांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले, आणि शर्यतीदरम्यान वजन वाढणे, म्हणजेच गरजेपेक्षा अधिक पाणी पिणे, हे त्याचे प्रमुख कारण होते. धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, शक्य तितक्या कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घट म्हणजे जवळपास एक लिटर घाम, त्यात वाटेत प्यायलेले पाणी मिळवावे. दोन-चार वेळा असे मोजले की स्वतःचा ताशी घाम कळतो. वजन दोन टक्क्यांपेक्षा अधिक घटू नये आणि वाढू तर मुळीच नये.

भूगोलशिक्षिका

घाटवैद्य, आपण सांगितलेला क्रम छापून मी शाळेच्या क्रीडाकक्षात लावणार आहे. माझा प्रश्न पेयांविषयी आहे. घरून आम्ही ताक, कोकम सरबत, पन्हे आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी नेतो. पालक मुलांना शहाळ्याचे पाणी आग्रहाने देतात. यांपैकी लांबच्या सरावाला काय पुरेसे आहे?

दुसरे म्हणजे, सुट्टीत मुलांना नकाशा शिकवण्याचा माझा अनुभव सांगते. मुले उष्णतेचा त्रास शब्दांत सांगत नाहीत, खेळाच्या भरात तर नाहीच, म्हणून त्यांच्यासाठी उन्हातील धाव आम्ही पूर्ण बंद केली आहे. सकाळी आठच्या आत शाळेच्या आवारातच छोटी कंट्रोल, म्हणजे नकाशावरून शोधायची ठिकाणे, लावतो : पाण्याची टाकी, चिंचेचे झाड, ध्वजस्तंभ, कुंपणाचा कोपरा. ऊन चढल्यावर वर्गात ओल्या वाळूचे डोंगर करून त्यांवर दोऱ्याने समोच्चरेषा आखतो आणि मग तोच डोंगर वरून पाहून कागदावर उतरवतो. ज्या मुलाने असा डोंगर स्वतःच्या हाताने केला आहे त्याला पुढे टेकडीवर सोंड आणि घळ यांतील फरक विचारावा लागत नाही. एनसीसीच्या मुलांना नकाशावाचन अभ्यासक्रमातच असते, त्यामुळे मोठी मुले लहानांना शिकवू शकतात.

घाटवैद्य

ताई, तासाभराच्या सरावाला साधे पाणी आणि परतल्यावर नेहमीचे जेवण एवढे पुरे आहे. त्याहून अधिक वेळ घाम गाळायचा असेल तर मिठाचा विचार करावा लागतो. घामातील सोडियमचे प्रमाण माणसागणिक फार बदलते, कोणाच्या टोपीवर पांढरे डाग उमटतात तर कोणाच्या अजिबात नाहीत. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि सोडियम कमी, म्हणून त्यावर एकट्यावर लांबचा सराव निभावत नाही. सोबत मीठ लावलेले काही खावे. मीठ घातलेले पातळ ताक उत्तम, मात्र दोन तास पाठीवर तापलेले ताक पिऊ नये, ते परतल्यावर प्यावे. कोकम सरबत आणि पन्हे यांत साखर बेताची आणि मीठ जिभेला स्पष्ट जाणवेल इतके ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या ओआरएसच्या पुडीत एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. ती पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावी, अर्धी बाटली दाट करून पिऊ नये. ती जुलाबासाठी बनवलेली असली तरी तीन-चार तासांच्या घामानंतर चालते. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वर्धाकाठ

मला येथे थोडा मतभेद नोंदवायचा आहे. आम्ही विदर्भातील लोक ४४-४५ अंशांत जगतो, शेतात कामे करतो. दुपारी धावल्याशिवाय शरीर टणक होत नाही असे आमच्याकडील जुने खेळाडू मानतात, आणि भर दुपारी केलेल्या सरावाचा आत्मविश्वास स्पर्धेत उपयोगी पडतो. आपण सर्वांनी सांगितलेली सावधगिरी योग्य असली तरी ती अतिरेकी होऊन सराव निष्प्रभ होऊ नये.

सह्यधार, पुणे

वर्धाकाठ, आपल्या भागातील शेतकरी आणि मजूर जे सोसतात त्याचा मला पूर्ण आदर आहे. परंतु तेच लोक मे महिन्यात पहाटे चारला कामाला लागतात, अकराच्या आत झाडाखाली येतात आणि डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. त्यांचे शहाणपण दुपार टाळण्यात आहे. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, वर गेले की हवा शरीराला थंड करण्याऐवजी तापवू लागते आणि सगळा भार एकट्या घामावर पडतो. ४४ अंशांत धावणारा शरीराला सरावाची संधी देत नाही, केवळ ओझे वाढवतो. सरावण्यासाठी आतील तापमान अंशभर वाढणे आणि घाम फुटणे पुरेसे असते, आणि तेवढे सकाळी आठ वाजताही साधते.

आत्मविश्वासाविषयी एक उदाहरण देतो. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उष्णतेमुळे मध्यरात्री सुरू केली होती. तरीही तापमान ३२ अंशांच्या वर आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर होती. सुरुवात केलेल्या ६८ जणींपैकी २८ जणींना शर्यत सोडावी लागली. त्या सर्व जगातील निवडक धावपटू होत्या, त्यांच्यात टणकपणाची उणीव नव्हती. जिंकणाऱ्या रुथ चेपन्गेटिचची वेळ २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंद होती, म्हणजे तिच्या स्वतःच्या चांगल्या वेळेपेक्षा तब्बल पंधरा मिनिटांनी संथ. उत्तम धावपटू उकाड्यात वेग कमी करतात आणि म्हणूनच शेवटपर्यंत पोहोचतात.

गडगा, गोवा

किनाऱ्यावरच्या सड्यांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून भर घालतो. गोवा आणि सिंधुदुर्गातील जांभ्याची पठारे उन्हाळ्यात काळीठिक्कर पडतात, सावलीचे एकही झाड नसते, आणि सकाळी नऊनंतर बुटाच्या तळव्यातून चटका जाणवतो. नकाशाच्या दृष्टीने ही जागा मोठी परीक्षा घेते, कारण समोच्चरेषा जवळपास नसतातच. तेथे आम्ही जांभ्याचे गडगे (दगड रचून केलेली कुंपणे), चिऱ्यांच्या जुन्या खाणी आणि काजूच्या बागांच्या कडा यांवरून वाट काढतो, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात होकायंत्र व पावलांची मोजणी यांवर भिस्त ठेवतो. शंभर मीटरला आपली किती पावले पडतात हे थंड सकाळी मोजून ठेवावे. उकाड्यात थकल्यावर पाऊल आखूड पडते आणि मोजणी दहा-पंधरा मीटरने सहज फसते, हेही ध्यानात घ्यावे.

सड्यावर फुरसे हा विषारी साप असतो. ते लहान, खडकाच्या रंगाचे आणि उन्हाळ्यात अंधारात हिंडणारे असते, म्हणून पहाटे निघताना डोक्यावरील दिव्यासोबत हातातही दिवा ठेवावा आणि गडग्यावर न पाहता हात टेकू नये. मोले परिसरातील अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि ठरलेल्या वेळेबाहेर जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

बुकित, सिंगापूर

मूळची रत्नागिरीची, गेली काही वर्षे सिंगापुरात राहते. येथे मे आणि डिसेंबर यांत फारसा फरकच नाही, दवबिंदू बारा महिने २४ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे येथील धावक हवामान बदलण्याची वाट पाहत नाहीत, ते अंतर बदलतात. मॅक्रिची जलाशयाभोवतीची रानातली फेरी सुमारे अकरा किलोमीटरची आहे. तीत सलग वेगाने धावण्याऐवजी दहा मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे तुकडे करतात. बुकित तिमाह ही येथील सर्वांत उंच टेकडी केवळ १६३ मीटरची आहे, म्हणून चढाचा सराव तीच टेकडी पुन्हा पुन्हा चढून होतो आणि प्रत्येक वेळी खाली आल्यावर डोके व हात थंड पाण्याने भिजवले जातात. रुमालात बर्फ गुंडाळून मानेभोवती बांधण्याचा उपाय मला फार उपयोगी पडला. ठाणे-मुंबईकरांना पाणवठ्याच्या जवळपास अशा छोट्या फेऱ्या बसवणे सहज शक्य आहे.

ठाणेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहाटेच्या वेळेवर आता आमच्या गटाचे एकमत झाले आहे. सह्यधार, उन्हाळ्यात गटाने करावयाचा नकाशाचा सराव कसा आखावा आणि नकाशा कोठून मिळवावा, हे कृपया सविस्तर सांगावे. माझ्याकडील परदेशातून आणलेल्या होकायंत्राची सुई येथे नीट फिरत नाही, ते बिघडले आहे काय?

सह्यधार, पुणे

होकायंत्रापासून सुरुवात करतो. ते बहुधा बिघडलेले नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उत्तर युरोपात जमिनीकडे सत्तर अंशांहून अधिक कललेले असते आणि महाराष्ट्रात पंचवीस-तीस अंशच. तिकडच्या कलानुसार तोललेली सुई आपल्याकडे तिरकी होऊन डबीला घासते. भारताच्या पट्ट्यासाठी किंवा सर्व पट्ट्यांसाठी तोललेले होकायंत्र घ्यावे. चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतील फरक आपल्याकडे एक अंशाहूनही कमी असल्याने त्याची दुरुस्ती करण्याची गरज नाही. मात्र बेसॉल्टमध्ये लोहयुक्त खनिजे असतात, त्यामुळे होकायंत्र खडकावर ठेवून वाचू नये, हातात छातीशी धरावे.

नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची खुली मालिका उपलब्ध आहे. परिसर समजण्यासाठी ती चांगली, परंतु तिच्यात समोच्चरेषांचे अंतर २० मीटर असते. ओरिएंटिअरिंगच्या प्रमाणित नकाशात प्रमाण १:१५,००० आणि रेषांचे अंतर सहसा ५ मीटर असते. वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये लहान घळ, छोटा उंचवटा किंवा अख्खा कडा लपून राहतो. ओपनस्ट्रीटमॅप आणि उपग्रहावरून घेतलेली उंचीची माहिती वापरून ओपनओरिएंटिअरिंग मॅपर या मोफत प्रणालीत स्वतःचा नकाशा बनवता येतो. ही उंचीची माहिती तीस-तीस मीटरच्या चौकटींत घेतलेली असते, म्हणून सह्याद्रीतील सरळ तुटलेला कडा तिच्यात केवळ तीव्र उतार म्हणून दिसतो. नकाशात जेथे रेषा दाट झाल्या आहेत तेथून खाली उतरण्याचा मार्ग प्रत्यक्ष पाहून खात्री केल्याशिवाय कधीही आखू नये. प्रत्येक कडा स्वतः जाऊन काळ्या रेघेने नोंदवणे हेच उन्हाळ्यातील सर्वांत मोलाचे काम आहे, कारण पावसाळ्यात त्याची कड गवताने झाकलेली असते.

सरावाची आखणी सावली आणि पाणी असलेल्या एका जागेभोवती करावी. त्या जागेपासून फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे चार-पाच छोट्या फेऱ्या निघाव्यात, प्रत्येक दीड-दोन किलोमीटरची, म्हणजे कोणीही वीस मिनिटांपेक्षा अधिक काळ पाण्यापासून दूर राहत नाही आणि परतलेल्या प्रत्येकाकडे पाहून त्याची अवस्था कळते. पहिल्या फेरीला पूर्ण नकाशा द्यावा. दुसऱ्या फेरीला वाटा, ओढे आणि झाडी काढून टाकून केवळ समोच्चरेषा ठेवाव्यात. तिसऱ्या फेरीत नकाशा तळावरच ठेवून, पुढचा कंट्रोल आठवणीने गाठावयास सांगावे. शेवटच्या फेरीला चालतच जाऊन प्रत्येकाने आपली दिशा मोठ्याने सांगावी : सोंडेच्या डावीकडून, दुसऱ्या घळीपर्यंत, तेथून समान उंचीवर आडवे. उत्तर अडखळले तर त्याची पुढची फेरी रद्द. ही शिस्त कडक वाटेल, पण गट मोठा असेल तेव्हा दुसरा खात्रीशीर उपाय मला माहीत नाही.

गडावरील टाक्यांच्या पाण्याच्या भरवशावर मे महिन्यात निघू नये; अनेक टाकी आटलेली असतात. सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर ताक-दही विकणारे भेटतात, पण आतल्या डोंगरांत मैलोन्मैल कोणी नसते. वाळलेल्या गवतात चूल किंवा विडी पेटवू नये आणि समोर वणवा दिसला तर वाऱ्याच्या दिशेने वर चढू नये, कारण आग चढावर धावणाऱ्यापेक्षा वेगाने चढते. कड्याखालून जाताना आग्या मोहोळांची जागा लक्षात ठेवून तेथे अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. उकाड्यात हातातील नकाशा दहा मिनिटांत घामाने भिजतो आणि इंकजेटची छपाई पसरून तपकिरी व निळ्या रेघा एक होतात. लेझर छपाई घ्यावी, कागद पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात, आणि पाकीट इतके लहान ठेवावे की नकाशा घडी घालून अंगठ्याखाली धरता येईल.